पाण्याच्या पाळीचं घड्याळ

५ जानेवारी, रविवार

सापडलं.

आप्पा वकिलानं घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर प्रदर्शनाचं पोस्टर टाकलंय. वर स्वतःचा कोटातला फोटो, खाली त्याची साखळीची घड्याळं गोलात मांडलेली. त्यात अव्वाचं, गडहिंग्लजकडच्या म्हातारीचं, मीच त्याला दुरुस्तीला दिलेलं. मराठी आकड्यांची पांढरी डायल आणि ७ पासून खाली उतरलेला केसाएवढा तडा, उंदराच्या शेपटागत. हजारात ओळखीन.

ह्याच माणसानं पावसाळ्यात मला सांगितलेलं, "मशीन गेलं रे संत्या. उघडताना आतल्या बॅलन्स चाकाचा दांडाच तुटला. मोडीत घातलं." वर बदली म्हणून एक क्रोमचं डबडं घड्याळ दिलं. मी ते घेऊन थँक्यू म्हणालो. थँक्यू!

पोस्टर बोटांनी मोठं करून करून बघितलं. केस बदललीय. अव्वाचं पितळी होतं, पोचे आलेलं. ह्यानं आतलं सगळं काढून चांदीच्या केसमध्ये बसवलंय. खाली ओळ: 'संस्थानकाळातील दुर्मिळ घड्याळ, एका सरदार घराण्याकडून प्राप्त.'

सरदार घराणं. अव्वाच्या घरावर पत्रा हाय आणि पत्र्यावर दगड.

६ जाने.

आप्पाच्या घरी जाऊन कॉलर धरायची म्हणून तडक निघालो. उद्यमनगरच्या कोपऱ्यावर एकजण जुन्या फियाटचं इंजिन खोलून बसलेला. बघत थांबलो. मग पाना धरून दिला. मग चहा. दुपार झाली. कॉलर राहिली.

मामा म्हणतो ते खोटं न्हाय. "भिंगरी हाईस तू, भिंगरी. फिरती तवर फिरती, मग आडवी." आयटीआय अर्धं सोडलं, डिलिव्हरी सोडली, रफीकभाईच्या वर्कशॉपात ग्राइंडरवर होतो, तेही सोडलं. गावोगाव जुनी घड्याळं हुडकत फिरायचं तेवढं टिकलं. आणि त्यात हे.

बरं, कॉलर धरून दाखवणार काय? डायलचा फोटो काढलेला, पण तो फोन पंचगंगेत गेला. म्हशी पोहताना व्हिडिओ घेत होतो. लई भारी पोहत होत्या. आप्पा वकील हाय, पुरावा नसताना मला उभा सोलून वाळत घालील.

९ जाने.

अव्वाचा फोन, शेजारच्या पोरीच्या मोबाईलवरनं. "तम्मा, झालं काय रं दुरुस्त?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, मला तेच म्हणती. मी नेहमीचं सांगितलं. पार्ट यायचाय. मुंबईवरनं. ती म्हणाली, "मुंबई लई लांब दिसती."

गेल्या उन्हाळ्यात गडहिंग्लजच्या पुढं तिच्या गावात गेलतो, कुणाकडं जुनं घड्याळ हाय काय विचारत. तिनं पदराच्या गाठीतनं काढून दाखवलं. विकायला न्हवं, बंद पडलंय म्हणून. तिचा नवरा कल्लाप्पा नदीवरच्या सामाईक इंजिनाच्या पाण्याची पाळी वाटायचा. कुणाच्या उसाला कधी सुरू, कधी बंद, ते ह्या घड्याळावर. पाण्यावरनं डोकी फुटायची, पण कल्लाप्पानं खिशातनं घ. काढलं की भांडण गप. अव्वा अजून सांगती, "आमच्या घड्याळानं कुणाला घोटभर जास्त दिलं न्हाय की कमी केलं न्हाय."

तो गेल्यावर ती ते उशाशी घेऊन झोपायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आकडे दिसायचे बंद झाले तरी कानानं ऐकायची. बंद पडलं आणि घर मुकं झालं म्हणाली.

ना ओळख ना देख, माझ्या हातात दिलं. मी आप्पाला दिलं, कारण ह्यातलं आप्पाएवढं कुणाला कळत न्हाय असं आम्ही सगळे समजून होतो. कळलंच की त्याला. बघताक्षणी कळलं.

१२ जाने., रविवार

आप्पाकडं रविवारची बैठक असती, घड्याळवाल्या लोकांची. मुद्दाम गेलो. मला बघून तो जरासुद्धा चपापला न्हाय. अव्वाचं घ. त्याच्या मुठीत होतं आणि अंगठ्यानं काच चोळत होता. चालू होतं! म्हणजे दांडा बिंडा काही तुटला नव्हता. विचारलं, हे कुठलं? म्हणाला, सरदारांकडचं. डोळ्याला डोळा देऊन.

वर म्हणतो, "संत्या, तुझा हात हलका आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पेट्या लावायला, काचा पुसायला ये."

माझंच चोरून माझ्याकडनंच पुसून घेणार. मी म्हणालो, येतो की.

त्याचा एक माज हाय. रोज सकाळी पूजा झाली की कपाटातल्या सगळ्या घड्याळांना चावी देतो, सगळी एका वेळेवर मिळवतो आणि उघड्या कपाटाचा फोटो ग्रुपवर टाकतो. सुप्रभात. सगळे काटे एका जागी. बंद घड्याळ ठेवत न्हाय. म्हणतो, "बंद घड्याळ घरात ठेवणं म्हणजे मढं ठेवणं." प्रदर्शनात दुपारी पाहुण्यांसमोर सगळी एकदम बारावर दाखवणार हाय. सगळ्या शंभरीच्या म्हाताऱ्या, पण एक शिस्त, असं भाषणात म्हणणार. आम्हाला म्हणून पण दाखवलं.

शिस्त. बघतो.

१५ जाने.

मिसळ खाताना सुचलं. कट तसाच ठेवून उठलो. मिसळवाला म्हणाला, पावणं, तिखट लागली काय?

रफीकभाईकडं असताना त्याचं मनगटी घ. एकदा ग्राइंडरच्या मॅग्नेटवर राहिलेलं. उचललं तर येड्यागत पळतंय. आत केसाएवढी स्प्रिंग असती, तिला चुंबक लागलं की वेटोळी एकमेकाला चिकटतात आणि काटे धावत सुटतात. रफीकभाईनं ते डिमॅगच्या मशीनवरनं फिरवलं, चुंबक उतरलं, पुन्हा सरळ. म्हणजे तुटत काय न्हाय. नुसतं खोटं बोलाय लागतं.

तर असं. पेट्या मीच लावणार. मखमलीखाली मॅग्नेट. सगळ्या घड्याळांखाली, फक्त अव्वाच्या खाली न्हाय. बाराला झाकणं उघडली की एकाचं एकाला जुळणार न्हाय आणि एकटं अव्वाचं बरोबर असणार. आणि त्याच वेळी अव्वाला तिथं उभी करायची. तिच्या कानाला लावायचं. ती म्हणणार, हेच. मग बोल म्हणावं वकिला, कुठल्या सरदाराचं.

परत जाऊन मिसळ पुरी खाल्ली. आनंदानं.

१८ जाने.

मंडळाच्या खोलीत डॉल्बीचे जळके स्पीकर पडलेत. हातोड्यानं फोडून मॅग्नेट काढले. एकेक भाकरीएवढा. पोरांनी विचारलं कशाला, तर म्हणालो विहिरीत बादली पडलीय. दोघं मदतीला यायला निघाली, कशीबशी कटवली. छोटे मॅग्नेट बाजारातनं घेतले.

पिशवी घेऊन रफीकभाईकडं गेलतो, सहजच. पिशवी त्याच्या टेबलाला जाऊन चिकटली. त्यानं मॅग्नेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय शिजतंय रे?"

काय न्हाय म्हणालो.

"मग डोळं का असलं?"

२५ जाने.

अव्वाला फोन केला. रविवारी न्यायला येतो, तुझं घ. चालू झालंय. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला खरं बोललो. ती विचारती, लुगडं कुठलं नेसू?

आप्पाचं आजचं सुप्रभात. वरच्या फळीवर, कडेला, अव्वाचं. टाक फोटो. टाक अजून.

१ फेब्रुवारी, शनिवार

लावले.

हॉल रिकामा. आप्पा बॅनर सरळ की वाकडा ह्यात अडकलेला. मी एकेक पेटी पुसली, मखमल उचलली, खाली मॅग्नेट सरकवला. मधोमध उंच स्टूल होतं, तिथं त्याचं लाडकं सोन्याचं झाकणवालं बसणार. डॉल्बीचा सगळ्यात मोठा तिथं. अव्वाचं शेवटच्या पेटीत कडेला, तिथं काही न्हाय. दोनदा बघितलं. आप्पानं चहा पाजला. पाठीवर हात मारून म्हणाला, पोरगं कामाचं आहे. मी बशीतनं फुर्र करून प्यालो.

उद्या पहिल्या गाडीनं अव्वाला आणाय जायचं.

२ फेब्रु., रविवार

कसं लिहू.

एस.टी. वेळेत. अव्वा हिरव्या लुगड्यात, पिशवीत भाकरी. वाटेत सगळ्या गाडीला सांगत होती, कल्लाप्पाचं घड्याळ आणाय चाललीय. कंडक्टरनं तिला पुढची सीट दिली.

आम्ही पोचलो तेव्हा बाराला थोडं कमी होतं. गर्दी बरीच. आप्पा माईकवर. झाकणं उघडली. शिस्त म्हणाला आणि थांबला. एक दहा मिनिटं पुढं, एक अर्धा तास, दोन बंद. पाहुण्यांनी स्वतःच्या मनगटाकडं बघितलं. मागनं कोण तरी म्हणालं, "आप्पा, ह्यातलं बारा कुठलं धरायचं?" दुसरा म्हणाला, "वकिलाचं घर हाय, सगळ्यांचं म्हणणं वेगळंच असणार की." लोक हसले. आप्पाचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

तेवढ्यात मी कडेची पेटी बघितली. जागा रिकामी.

सकाळी त्यानं चावी देताना हलवलेलं. सरदार घराण्याचं म्हणून मान मधल्या स्टुलावर. मोठ्या मॅग्नेटवर. आणि मी तेव्हा एस.टी.त.

तरी मी अव्वाला पुढं नेलं. मोठ्यानं बोललो, हे घ. ह्या माईचं हाय, वकिलानं मोडीत घातलं म्हणून सांगून ठेवून घेतलं. आप्पा शांत. स्वतः घड्याळ उचलून अव्वाच्या हातात दिलं. "बघा आजी. तुमचं असेल तर आत्ता घेऊन जा."

तडा तिला दिसणार न्हाय आणि काचेखाली बोटाला लागणार न्हाय. तिनं बोटं फिरवली. चांदीची गुळगुळीत केस, पोचे कुठले असणार? मग कानाला लावलं. डोळे मिटले.

"ह्ये न्हवं, तम्मा."

मी म्हणालो, अव्वा, नीट ऐक.

"ऐकलं की. ह्ये पळतंय. आमचं पळत न्हवतं. ह्येच्यावर पाणी सोडलं असतं तर गावात मुडदं पडलं असतं."

मी येड्यागत बोलून गेलो, "त्याला चुंबक लागलंय म्हणून पळतंय!"

आप्पानं माझ्याकडं बघितलं. मग स्टुलाच्या मखमलीकडं. मग परत माझ्याकडं. हसला.

परतीच्या एस.टी.त अव्वा खिडकीकडं तोंड करून. निपाणी गेलं. मग भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हरवलं आसंल तर हरवलं म्हण. मी काय खाणार न्हाय तुला. पर दुसऱ्याचं माझ्या कानाला लावू नगंस."

५ फेब्रु.

आप्पानं बोलावलं. गेलो. टेबलावर सगळे मॅग्नेट ताटात पेढे ठेवल्यागत मांडलेले.

"डॉल्बीचे दिसतात," म्हणाला. "पोलिसात देऊ?"

द्या की म्हणालो. घड्याळ कुठनं आणलं तेही सांगा.

"त्याची गरजच राहिली नाही रे. बाकीची सगळी नीट करून घेतो. ते एक मात्र तसंच ठेवणार. शंभर माणसांसमोर तुझ्या म्हातारीनं सांगितलंय, आमचं नाही. असा साक्षीदार मला तीस वर्षांच्या वकिलीत मिळाला नाही. आणि तो तू एस.टी.नं आणून दिलास."

चहा विचारला. न्हाय घेतला.

पायऱ्या उतरताना त्याच्या मोटारीच्या टायरमधली हवा सोडावीशी वाटली. वाकलो पण. मग बघितलं तर टायर आधीच बसलेला. एवढंपण ठेवलं न्हाय माझ्यासाठी.

९ फेब्रु.

कुठं तरी जायचं म्हणून नृसिंहवाडीला गेलो. संगमावर बसलो. दत्ताला काय मागायचं ते ठरेना. घड्याळ मागावं की आप्पाचं वाटोळं? एका वेळी एकच मागायचं असतं असं शेजारी बसलेला पावणा म्हणाला, त्याला मी काही विचारलं नव्हतं. कवठाची बर्फी घेतली. अव्वासाठी घेतली आणि गाडीत मीच खाल्ली.

गोवा करावा काय? तिथं बोटीवर माणसं लागतात म्हणे. इथं आता काय हाय.

१२ फेब्रु.

रफीकभाई भेटला. वकील सगळी घ. त्याच्याकडंच घेऊन आलता. एकेक डिमॅगवरनं फिरवून दिलं. "एक न्हाय दिलं. म्हणाला, ते राहू दे. बरंच बिघडलेलं, खिशातनं आवाज येत होता. काय रे, ते त्या म्हातारीचं?"

मी सगळं सांगितलं. त्यानं मला शिव्या घातल्या. आप्पाला न्हाय, मला. "मॅग्नेट काय खेळायची वस्तू हाय? सरळ माझ्याकडं आला असतास तर मी तोंडावर विचारलं असतं त्याला."

मग म्हणाला, ग्राइंडरवरचा माणूस सोडून गेलाय. येतोस काय?

बघतो म्हणालो. गोवा.

१९ फेब्रु.

आप्पाचं सुप्रभात पुन्हा चालू झालंय. मी फोटो मोठा करून बघितला आणि हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

सगळे काटे एका जागी, फक्त वरच्या फळीवर कडेला एक पुढं. बाकीच्यांना चावी देऊन होईपर्यंत ते पळालेलं. आप्पाला दिसलं नसंल? दिसलं की. त्याला तेवढंच दिसत असणार.

२२ फेब्रु.

आज फोटोत वरची फळी अर्धी कापलेली.

गोवा रद्द. रफीकभाईकडं सोमवारपासनं.

६ मार्च

सुप्रभात बंद होऊन आठवडा झाला. ग्रुपवर एकानं विचारलं, आप्पा, फोटो कुठं गेले? तब्येत बरी हाय न्हवं?

रोज सकाळी डोळ्यासमोर आणतो. पूजा झाली, गंध लावलं, कपाट उघडलं. सगळी शिस्तीत आणि एक खोटं बोलतंय. त्याला मिळवतो, दुपारी बघतो, परत पुढं. चावी द्यायची सोडली तर मढं. चावी दिली तर खोटारडं. विकलं तर मिरवायचा सरदार गेला. आणि चुंबक उतरवून घेतलं तर घ. पहिल्यागत टिकटिकणार, मी अव्वाला घेऊन त्याच्या दारात, त्याच शंभर माणसांना बोलावून. ते त्याला माहीत हाय. मला माहीत हाय हेपण त्याला माहीत हाय.

कॉलर धरण्यापेक्षा हे बरं. लई बरं.

२४ मार्च

अव्वाला फोन करतो, आठवड्यातनं एकदा तरी. घड्याळाचं ती विचारत न्हाय. जेवलास काय, एवढंच. आज मीच म्हणालो, अव्वा, ते हरवलं न्हाय. ती म्हणाली, इकडं ऊन लई पडलंय. विषयच बदलला.

मला वाटतं त्या एका वाक्यासाठी आप्पाला मी कधी सोडणार न्हाय. घ. मिळालं तरी.

मामानं आज डबा बांधून दिला. चटणी जास्त घातलेली.

३ एप्रिल

दुपारी रफीकभाई जेवायला घरी गेलता. ग्राइंडर बंद करून मी डबा सोडत होतो. दारात आप्पा.

वाळलाय. हातात रुमालाची पुरचुंडी. आतनं आवाज येत होता, लगबगीनं, उंदीर कुरतडतोय तसा. ग्राइंडर बंद म्हणून मला लांबनं ऐकू आला.

"रफीक कुठं आहे?"

"जेवायला गेल्यात. मी हाय."

तो डिमॅगच्या मशीनकडं बघत उभा राहिला. मशीन माझ्याच टेबलावर असतं. मी डबा झाकला, हात पुसला आणि पुढं केला. बराच वेळ तसाच धरला.

"नीट झालं तरी ते माझ्याच कपाटात जाणार," म्हणाला.

"जाऊ दे की. अव्वाला घेऊन मी मागनं येतो."

त्यानं पुरचुंडी कानाला लावली. वकिलानं. अव्वा धरती तशीच, डोळे मिटून. मला त्याची दया यायला लागलेली, ती मी तिथंच दाबली. मग त्यानं रुमाल खिशात घातला आणि वळला. पायरीवर थांबून म्हणाला, उद्या येतो. मला म्हणाला की खिशाला, कळलं न्हाय.

रफीकभाई आल्यावर सांगितलं. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाकडं जाऊन करून घेईल. घेऊ दे. नीट झाल्याशी मतलब. संध्याकाळी मशीनवरची धूळ पुसून ठेवली, वायर बघितली, चालू करून बघितलं.

उद्या येवो, न्हायतर दिवाळीला. मी कुठं जातोय.